आधी गाव, मग आजोबा: सोलापुरात घराण्याचा शोध घेताना

आजी सांगायची, "आपण मूळचे बोरगावचे." त्या एका वाक्यावर मी अक्कलकोट तालुक्यातल्या बोरगावला खेटे घालायला सुरुवात केली. तलाठी झाले, पोलीस पाटील झाले, पारावरची म्हातारी माणसं झाली. दोन महिने गेले. आमचं आडनाव त्या गावात कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मग एका दुपारी शेंगा फोडत बसलेली आत्या सहज बोलून गेली, "अगं, तुझा पणजा बैल घेऊन अकलूजच्या बाजाराला जायचा." अक्कलकोटहून अकलूजला बैल घेऊन कोण जाईल? बोरगाव माळशिरस तालुक्यातही आहे, अकलूजच्या बाजूला. तिथल्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलांच्या नोंदीत, पणजोबा सापडले आणि त्यांच्या मागे त्यांचे वडीलही.

हे आधी सांगते, कारण नवीन माणूस हमखास आडनाव घेऊन शोधायला निघतो. आपल्याकडची जुनी दप्तरं आडनावांवर लावलेली नाहीत, ती गावावर लावलेली आहेत. जमिनीची नोंद गाव आणि सर्व्हे नंबरावर, जन्ममृत्यूची गावावर, शाळेचं रजिस्टर त्या शाळेत, तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यांच्या वह्याही बहुतेक गावावर. परदेशातले लोक शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत पणजोबांचं घर शोधतात. आपल्याकडे जनगणनेतल्या व्यक्तिगत नोंदी कायद्याने गोपनीय असतात, त्यामुळे ती वाट आपल्याला नाही. म्हणून आधी गाव पक्कं करायचं. गाव, तालुका आणि त्या काळी तिथं राज्य कुणाचं होतं, या तीन गोष्टी हाती असल्या की बाकीचं काम चिकाटीचं आहे.

घरातली दप्तरं

वाचनालयाची पायरी चढण्याआधी एक रविवार घरात घालवा. माळ्यावरची ट्रंक, देवघरामागची पिशवी, आजोबांचं कपाट. जन्मपत्रिकेत शके, तिथी आणि वडिलांचं नाव असतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ आणि आधीच्या शाळेचं नाव असतं, म्हणजे कुटुंब कुठून कुठं गेलं ते कळतं. लग्नपत्रिकेतल्या 'मु. पो.' नंतरच्या दोन शब्दांसाठी मी कितीतरी जुन्या पत्रिका जपल्या आहेत. आहेराची वही सापडली तर ती सोडू नका. त्यात सव्वा रुपया देणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं गाव लिहिलेलं असतं, आणि चार-पाच लग्नांच्या वह्या शेजारी ठेवल्या की कुठलं गाव पुन्हा पुन्हा येतं ते आपोआप दिसतं.

भांडी विसरू नका. तांब्या, परात, समई यांच्यावर कोरलेली नावं ही आपल्या घरांतली सर्वांत टिकाऊ कागदपत्रं आहेत. 'मामाकडून' असं कोरलेल्या एका घंगाळावरून मला पणजीच्या माहेरचं आडनाव कळलं. ते दुसरीकडे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

आई-वडील गिरणीत असतील तर गिरणीचा बिल्ला, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, पगाराच्या पावत्या शोधा. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू यांच्या भोंग्यांवर या शहरातल्या निम्म्या घरांची घड्याळं लागत होती. गिरणीच्या कागदांत कामगाराचं मूळ गाव अनेकदा लिहिलेलं असतं.

मग म्हाताऱ्या माणसांशी बोला. हे काम लांबणीवर टाकू नका. कागद आणखी दहा वर्षं थांबेल, आत्या थांबणार नाही. "तुमचा जन्म कधीचा?" असं विचारलं की "कुणाला ठाऊक" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी मोठ्या घटनांना धरून विचारा. मार्शल लॉ लागला तेव्हा, म्हणजे मे १९३० मध्ये, वडिलांचं लग्न झालं होतं का? रझाकाराच्या वेळेला, १९४८ मध्ये, घरात नळदुर्ग-तुळजापूरकडून कोण राहायला आलं होतं? गांधीजी गेले तेव्हा तू शाळेत होतीस का? बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर गेला होता? करमाळा-माढ्याकडचे असाल तर उजनीच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा घरात कोण कोण होतं? त्याहून मागच्या पिढीचं ऐकीव सांगत असतील तर प्लेग, १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आणि १८७६-७८ चा मोठा दुष्काळ या खुणा उपयोगी पडतात. एकाच बैठकीत सगळं विचारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, विषय बदललेला असताना, अकलूजचा बाजार बाहेर येतो.

बाजार, जत्रा, कुलदैवत आणि देवक ही चार उत्तरं नक्की घ्या. बाजार तालुका सांगतो. कुलदैवत शिंगणापूरचा शंभू महादेव, तुळजापूरची भवानी, सौंदत्तीची यल्लमा की आणखी कुठलं, यावरून कुटुंब कुठल्या दिशेने आलं त्याचा अंदाज बांधता येतो. हा अंदाजच असतो, पुरावा नव्हे.

वाचनालयात पहिला दिवस

सोलापुरात सुरुवातीला हिराचंद नेमचंद वाचनालय, शासकीय जिल्हा ग्रंथालय आणि गरज पडल्यास विद्यापीठाचं ग्रंथालय, असा क्रम मी नवख्यांना सांगते. कुटुंब तेलुगू भाषक असेल तर पूर्व भागातली वाचनालयंही बघा. जैन घराण्यांसाठी सोलापूरचाच जैन संस्कृती संरक्षक संघ आहे, जीवराज जैन ग्रंथमालेमुळे तो देशभर माहीत आहे.

संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथंच बसून वाचावी लागतात. वही आणि पेन्सिल घेऊन जा, जुन्या कागदाजवळ पेन नको. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका, कसर लागलेलं पान तेवढ्यानंही फाटतं. फाईल चेपून उघडी ठेवू नका.

ग्रंथपालांना काय विचारायचं हे आधी ठरवून जा. "मला माझं घराणं शोधायचंय" असं म्हटलं तर त्यांनी कुठल्या कपाटाकडे बोट दाखवावं? त्याऐवजी असं सांगा: "माळशिरस तालुक्यातल्या बोरगाव भागाची १९०० ते १९५० मधली माहिती हवी आहे. गॅझेटिअर, जुने नकाशे, स्मरणिका, काय आहे?" असा प्रश्न विचारला की ग्रंथपाल स्वतः उठून येतात, हा माझा अनुभव आहे. त्यांना तुमच्या आजोबांचं नाव ठाऊक नसलं तरी कुठला गठ्ठा कुठल्या खोलीत आहे ते त्यांना पाठ असतं.

पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी मागा. पहिली, जिल्हा जनगणना पुस्तिका. १९५१ किंवा १९६१ ची मिळाली तर उत्तम. तिच्यात माणसांची नावं नसतात, पण तालुकावार प्रत्येक गावाची यादी असते. तुमच्या गावाच्या नावाची जिल्ह्यात किती गावं आहेत ते मोजा. बोरगाव, वडगाव, पिंपरी, वाडी अशा नावांच्या माणसांनी तर हे केल्याशिवाय पुढं पाऊल टाकू नये. मी ही यादी आधी पाहिली असती तर ते दोन महिने वाचले असते.

दुसरी गोष्ट, गॅझेटिअर. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूरवरचा विसावा खंड १८८४ चा आहे. तो इंग्रजीत आहे, इंटरनेटवरही वाचायला मिळतो. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव मिळणार नाही. पण त्यांच्या गावचा बाजार कुठल्या वारी भरायचा, रस्ता कुठून जायचा, दुष्काळात काय झालं, माग कुठं चालायचे, हे सगळं आहे. कुटुंब अमुक साली गाव सोडून का निघालं, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथं सापडतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. जातीजमातींबद्दल त्यात जे लिहिलंय ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेनं लिहिलेलं आहे, आणि काही ठिकाणी ते अत्यंत अपमानकारक आहे. ठिकाणं, अंतरं, साल घ्या. माणसांच्या स्वभावाबद्दलचे शेरे तिथंच सोडा.

गाव तेव्हा कुठल्या राज्यात होतं?

इथं बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

आजचा सोलापूर जिल्हा पूर्वी असा नव्हता. १८३८ मध्ये सोलापूरला पोट-जिल्ह्याचा दर्जा मिळाला तेव्हा त्यात आज कर्नाटकात असलेले इंडी आणि मुद्देबिहाळही होते. १८६४ मध्ये तो मोडला. १८७१ मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा साताऱ्याकडचे पंढरपूर आणि सांगोला आत आले आणि १८७५ मध्ये माळशिरस आलं. म्हणजे आमच्या बोरगावचा १८७० चा कागद असेल तर त्यावर सोलापूर नसून सातारा लिहिलेलं असणार. ही एक तारीख वाचनालयात समजली आणि माझ्याजवळच्या एका कागदावरचं 'जिल्हा सातारा' एकदम उलगडलं. तोवर मी तो दुसऱ्याच कुणाचा कागद म्हणून बाजूला ठेवला होता.

अक्कलकोट हे स्वतंत्र संस्थान होतं. मंगळवेढा सांगली संस्थानाकडे होतं. दोन्ही १९४८ मध्ये विलीन झाली. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा हा मुलूख निजामाचा, तिथल्या जुन्या कागदांत उर्दू येणार. तिकडचं कुटुंब असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तिकडचं जमिनीचं जुनं नोंदपत्रक, विचारा.

पूर्व भागातल्या पद्मशाली घरांचं मूळ गाव तेलंगणात असतं. आजोबांनी 'जिल्हा करीमनगर' सांगितलं असेल, पण २०१६ मध्ये तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली आणि जुन्या करीमनगरचे सिरसिल्ला, जगित्यालसारखे वेगळे जिल्हे झाले. नकाशात गाव सापडलं नाही म्हणून आजोबा चुकले असं समजू नका. या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तेलुगूत इंटिपेरू, म्हणजे घराचं नाव, आधी लिहिण्याची रीत आहे. मराठी शाळेतल्या गुरुजींनी ते कधी शेवटी नेलं, कधी वडिलांचं नावच आडनाव करून टाकलं. एकाच घरातल्या तीन भावांची तीन आडनावं मी एका रजिस्टरात पाहिली आहेत. नाव मराठी कानाला कसं ऐकू आलं असेल ते मोठ्यानं म्हणून बघा आणि तशी चार-पाच रूपं वहीत लिहून ठेवा. कानडी घरांनीही हेच करावं.

जुनी वर्तमानपत्रं आणि स्मरणिका

'कल्पतरू', 'सोलापूर समाचार', पुढं 'संचार', या शहराला वर्तमानपत्रांची मोठी परंपरा आहे. जुन्या अंकांच्या बांधीव फायली बघायला मिळाल्या तर भाग्य समजा, पण तारखेशिवाय त्यांत उतरू नका. वर्षाची फाईल चाळायला दिवस जातो आणि डोळे थकले की नेमका हवा तो मजकूर निसटतो. आधी घरातून किंवा दप्तरातून महिना पक्का करा आणि मग त्या महिन्याच्या पुढचे-मागचे पंधरा दिवस वाचा.

बातम्यांपेक्षा जाहीर नोटिसा वाचा. वारस दाखला, वाटणी, घरविक्रीची हरकत, अशा नोटिशींमध्ये मयताचं पूर्ण नाव, वारसांची नावं, पेठ, घर नंबर सगळं एका परिच्छेदात मिळतं.

"आमचे आजोबा मार्शल लॉमध्ये होते" असं सोलापुरात खूप घरांत सांगितलं जातं. त्यात अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा फासावर गेले, ते याच शहराचे. पण आपल्या आजोबांची गोष्ट असेल तर ती पडताळून बघा. राज्याच्या गॅझेटिअर विभागाने स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचे खंड काढले आहेत, ते संदर्भ विभागात मागा. नाव सापडलं तर शिक्षा, तुरुंग, तारीख हाती येते. नाव नसलं म्हणजे गोष्ट खोटी असंही नाही. संपात उतरलेल्या प्रत्येक कामगाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

शाळांच्या शताब्दी स्मरणिका, समाजाच्या परिषदांचे अहवाल, देवस्थानांच्या वर्गणीदारांच्या याद्या, वधूवर सूची, यांना कुणी पुस्तक मानत नाही, म्हणून त्या वाचनालयाच्या सूचीतही नीट नोंदवलेल्या नसतात. पण घराण्याच्या शोधात सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच होतो. कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो जरूर बघा, मात्र त्यातली पहिली चार-सहा नावं पुराव्याची आहेत की ऐकीव, हे प्रस्तावनेत तपासा.

सातबाऱ्यावरचे वर्तुळातले आकडे

वाचनालयाने गाव पक्कं केलं की तहसील कार्यालयात जायचं. कुटुंबाची थोडीशीही जमीन असेल किंवा पूर्वी होती असं ऐकलं असेल, तर हा सगळ्यांत भरवशाचा रस्ता आहे.

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफार नंबर. प्रत्येक आकड्यामागे गाव नमुना सहामध्ये एक नोंद असते: अमुक मयत झाला, वारस अमुक, किंवा वाटणी झाली, खरेदी झाली. आजच्या सातबाऱ्यावरून सर्वांत जुना आकडा घ्या, तो फेरफार काढा, त्यात आधीच्या फेरफाराचा उल्लेख असेल तो काढा. असं एकेक पायरी मागे जायचं. गट नंबर दिसत असेल तर जमिनींच्या एकत्रीकरणाच्या आधीचा सर्व्हे नंबर कुठला होता तेही विचारून घ्या, नाहीतर साखळी तिथंच तुटते. जुन्या नोंदी तालुक्याच्या अभिलेख कक्षात असतात. नकलेसाठी अर्ज, कोर्ट फी तिकीट आणि गाव, सर्व्हे नंबर, अंदाजे साल एवढं लागतं. अर्जावर फक्त आडनाव लिहिलंत तर तो परत येणार.

काही अक्षरं वाचायला शिका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कुटुंबात आणखी भाऊ आहेत, नाव फक्त एकाचं लागलंय. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' आणि तिचं नाव असेल तर बाप मुलाच्या लहानपणीच गेला, आणि पणजीचं नाव तुम्हाला मिळालं. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' आणि 'भ्र.' म्हणजे अमक्याची बायको.

बायकांची नावं कुठं जातात, हा माझ्या मनाला फार लागलेला प्रश्न आहे. वंशावळ म्हणून जे कागद घरोघरी फ्रेममध्ये लावलेले असतात त्यांत नुसते पुरुष. लेकी लग्न होऊन गेल्या की झाडावरून पुसल्या जातात, सुना आल्या तरी लिहिल्या जात नाहीत. वारसाच्या फेरफारात मात्र लेकींची नावं अनेकदा सापडतात, कधी नवऱ्याच्या नावासह आणि सासरच्या गावासह, कारण तिथं त्यांचा हक्क होता किंवा तो सोडून घ्यायचा होता. माझ्या पणजोबांच्या तीन बहिणी मला अशाच मिळाल्या. प्रत्येक बाईसाठी वहीत वेगळं पान ठेवा: माहेरचं नाव, लग्नानंतरचं नाव, दोन्ही गावं.

जमीन नसलेल्यांनी हताश होऊ नये. शहरातलं घर असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा घ्या. साखर पेठ, मंगळवार पेठ, कसबा, मुरारजी पेठ, जिथं असेल तिथली. शाळेचं जनरल रजिस्टर विचारा, त्यात आजोबांचा जन्म, वडिलांचा धंदा, आधीचं गाव असतं. ख्रिस्ती घरांसाठी मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही आहे, सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम जुनं आहे. मुस्लिम घरांनी निकाहाच्या नोंदी आणि कबरीवरचे शिलालेख बघावेत. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सेटलमेंटमध्ये ज्यांच्या घरच्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं त्यांचे कागद सरकारने हजेरी आणि पाळत ठेवण्यासाठी तयार केले होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर संपला, पण त्या कागदांतली भाषा आजही वाचणाऱ्याला जखमी करते. ते वाचायला एकट्याने बसू नये, घरातलं कुणीतरी सोबत असावं.

जन्ममृत्यू आणि कोतवाल बुक

महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून जन्ममृत्यूची नोंद नव्या कायद्याने होते. त्याआधीची गावची नोंद गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुकात. त्यात जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव एवढंच. म्हणून आजोबांचं नाव शोधू नका, पणजोबांचं शोधा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं: ताप, पटकी, देवी. एकाच आठवड्यात एकाच घरातली तीन नावं 'पटकी' म्हणून ओळीने दिसली, तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसले होते.

२०२३ पासून मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे राज्यभर असे जुने कागद मोठ्या प्रमाणावर बाहेर काढले गेले, स्कॅन झाले आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावावार चढले. तुमच्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तुमच्या गावाची फाईल आहे का ते आधी बघा. एखादी खेप वाचेल.

मोडी आणि सनावळी

कोतवाल बुक आणि जुने फेरफार बऱ्याचदा मोडी लिपीत असतात. घाबरायचं कारण नाही. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि हात न उचलता लिहायचं, शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाहायचं नाही, एवढी गोष्ट समजली की डोळा सरावतो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचा पुराभिलेख विभाग यांच्याकडे मोडी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. पूर्ण मोडी यायची वाट बघू नका. तुमच्या गावाचं नाव, आडनाव, 'बिन', 'मयत', 'वारस' आणि एक ते दहा आकडे, एवढं पाटीवर गिरवा. पंधरा दिवसांत पान चाळताना आपलं गाव डोळ्यात भरायला लागतं.

तारखा इसवी सनात बदलून घेताना शकात ७८ मिळवा, पौषानंतर गुढीपाडव्यापर्यंत ७९. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, ५९० मिळवा, ते वर्ष मृगाला, जूनमध्ये सुरू होतं. म्हणजे शके १८३२ आणि फसली १३२० दोन्ही १९१०-११ च्या आसपासचे. पेशवाईतल्या कागदावर 'सीत सबैन मया व अलफ' असं दिसलं तर ते अरबी अंक आहेत: सहा, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे शुहूर सन ११७६. त्यात ५९९ मिळवा, १७७५-७६ येतं. नुसती तिथी दिली असेल तर त्या सालचं पंचांग लागतं, आणि दाते पंचांग तर सोलापूरचंच आहे. जुनी पंचांगं घरोघरच्या देवघरांत आणि वाचनालयांत असतात.

हेळवी आणि तीर्थोपाध्ये

सुगीनंतर कर्नाटकातून हेळवी येतात, पूर्वी बैलावर बसून यायचे. आपल्या भागातल्या अनेक शेतकरी घराण्यांची वंशावळ त्यांच्या चोपड्यांत असते आणि ते ती म्हणून दाखवतात. गावात कुणाकडे ते उतरतात ते विचारून ठेवा. आले की मानाने बसवा, धान्य-दक्षिणा द्या आणि परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडेही नामावलीच्या वह्या असतात. पूर्वजांनी यात्रेला गेल्यावर स्वतः सांगितलेली नावं आणि कधी सहीसुद्धा तिथं मिळते. पंढरपूर तर आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथल्या क्षेत्रोपाध्यांकडे आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळून जा. तिघांनाही पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो आणि तेही तोच विचारतात: गाव कोणतं?

इथं मिळालेली वंशावळ फेरफाराशी ताडून बघा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत आहे, त्यामुळे गणपती बापू, बापू गणपती, पुन्हा गणपती बापू अशी साखळी चालते आणि मधली एखादी पिढी सहज गळते. दोन माणसांच्या वयांत किती वर्षं आहेत हे मोजलं की गळती कळते.

वहीत काय लिहायचं, काय बाहेर सांगायचं

प्रत्येक नोंदीखाली ती कुठून मिळाली ते लगेच लिहा: कुठलं कार्यालय, कुठला गाव नमुना, नंबर, पान, तारीख. आत्याने सांगितलं असेल तर आत्याचं नाव आणि दिवस. जिथं काहीच मिळालं नाही तेही लिहा. अक्कलकोटच्या बोरगावात आम्ही नाही, हे माझ्या वहीत आता ठळक लिहिलेलं आहे, म्हणजे माझी भाची पुन्हा तिकडे जाणार नाही.

शोधात दत्तक निघेल, दुसरं लग्न निघेल, घरातून निघून गेलेला भाऊ निघेल, कागदावर घरात सांगितल्यापेक्षा वेगळी जात लिहिलेली निघेल. हे कागद ज्यांच्या आयुष्याचे आहेत ती माणसं किंवा त्यांची मुलं अजून असतील तर आधी त्यांच्याशी बोला. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंबगटावर टाकू नका.

तीन-चार पिढ्या पक्क्या झाल्या की टाईप करून वीस-पंचवीस पानांची एक प्रत बांधा आणि ज्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसून काम केलंत तिथं द्या. हयात माणसांची पानं त्यातून काढा. ग्रंथपाल दाखल नोंद करताना शीर्षक विचारतील. तिथं आडनावाच्या आधी गाव लिहा, तालुक्यासह. माझ्या प्रतीच्या पुठ्ठ्यावर पहिली ओळ आहे: 'बोरगाव, तालुका माळशिरस'.